घणाखाली फुटलेले लाल लोखंड

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. स्वीडनच्या जंगलातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात मला साच्यात ओतले, जाड दांड्यावर बसवले आणि ओढ्यावरच्या पाणचक्कीला जोडले. चक्की फिरली की मी उठायचो आणि आदळायचो. मारणे हेच माझे आयुष्य.

तिथले लोक वाईट लोखंडाला ‘लालठिसूळ’ म्हणत. असे लोखंड थंड असताना निमूट वाकते. लाल तापवून घाव घातला की फुटते. खनिजातले गंधक नीट जळाले नाही, तर ही खोड राहते. पुढे हा शब्द गलबतांतून इंग्रजांच्या देशातही गेला. तो मी कसा शिकलो, ते ऐका.

मालिन ही विधवा खनिजाचे ढीग भाजायची. धुराला गंधकाचा वास असेपर्यंत ढीग उघडायचा नाही, हा नियम. त्या वर्षी बर्फ लवकर वितळले आणि भट्टीचे भाते चालवायला ओढा भरून आला. तिचा दीर येर्केर मुकादम होता. त्याला घाई झाली.

“भावोजी, अजून डोळे झोंबतात. दोन दिवस थांबा.”

“तुझ्या नाकासाठी ओढा थांबणार आहे का, वहिनी?” असे म्हणून त्याने स्वतःच फावडे घातले.

काही आठवड्यांनी त्या खनिजाचे लोखंड लालभडक होऊन माझ्याखाली आले. पहिल्या घावाला चिरले, दुसऱ्याला फुटले. एक जळता तुकडा उडाला आणि ते सांडशीत धरलेल्या गिल्याम लोहाराच्या डोळ्यात घुसला. चक्की थांबेपर्यंत मी त्याच्या रक्तावर आदळतच राहिलो.

येर्केर सांडशी उगारून मालिनवर धावला. तिचेच भाजणे कच्चे, आजच्या आज कारखान्याची झोपडी सोडून चालती हो, म्हणाला. मालिन हलली नाही. तिने त्याच लोखंडाची थंड सळई ऐरणीवर ठोकून वाकवली. ती मोडली नाही. मग तीच लाल तापवून तिच्यावर हातोडा घातला. दोन तुकडे झाले.

“लालठिसूळ,” ती म्हणाली. “ढीग कुणी उघडला, भावोजी?”

कोपऱ्यात गिल्याम कण्हत होता. येर्केरच्या हातातली सांडशी खाली पडली.

“मी,” तो म्हणाला. “सगळ्यांनी ऐका. मी उघडला.”

मालिन झोपडीतच राहिली. त्यानंतर तिने वास घेतल्याशिवाय ढिगाला कुणी फावडे लावले नाही. येर्केर ढिगाजवळ दिसला, की एका डोळ्याचा गिल्याम विचारायचा, “वहिनींना विचारलंस का?”

आता चक्की मोडली आहे आणि मी गवतात गंजतो आहे. मला तेल लावा, असे मी म्हणत नाही. पण जाणते माणूस थांबा म्हणाले, तर थांबत जा, मित्रांनो. मला थांबता येत नव्हते. तुम्हाला येते.