तिसरं बटण

दोन हजार वीस साल होतं. मार्च सरता सरता सगळं जग दाराला आतून कडी लावून बसलं, आणि काट्यालाही घरी बसावं लागलं.

काटा हे त्याचं कारखान्यातलं नाव. शर्ट शिवण्याचा मोठा कारखाना होता तो, आणि एकतीस वर्षं याचं काम एकच. हातात स्टॉपवॉच घेऊन शिवणाऱ्या बायकांच्या मागे उभं राहायचं आणि कॉलरला किती सेकंद, खिशाला किती, काजाला किती ते लिहून घ्यायचं. त्याच्या कागदावर दोन रकाने असत, ‘काम’ आणि ‘वाया’. बाईने कपाळावरचा घाम पुसला की ते तीन सेकंद वायात. तो शिवणखात्यात दिसला की बायका एकमेकींना म्हणत, "काटा आला गं अंगावर," आणि माना खाली घालून खुसखुसत. त्याला ते ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता, पण रिकामा वेळ दिसला की त्याच्या जिवाची तगमग व्हायची.

घरात तीन माणसं. तो, शाळेत शिकवणारी त्याची बायको, आणि त्याचे वडील आप्पा. आप्पांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढायचे. आदल्या वर्षी त्यांना झटका आला आणि तोच उजवा हात लुळा पडला. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येत असत, त्यांचंही येणं आता बंद झालं. फोनवर त्यांनी काट्याला स्पष्ट सांगितलं की बोटं रोज कामाला लावली नाहीत तर दोन-तीन महिन्यांत आखडतील, आणि मग ती उघडायची नाहीत.

काट्याने हे काम अंगावर घेतलं, ते आपल्या रीतीने. भिंतीवर तक्ता लावला. सकाळी दहा मिनिटं मऊ चेंडू दाबणे, दुपारी दहा मिनिटं चमचा उचलणे, आणि प्रत्येक खेपेला घड्याळ. आप्पांनी दोन दिवस चेंडू दाबला. तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली गेला तो गेलाच. आज चार सेकंद जास्त लागले, असं मुलाने सांगितलं की म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजायचा.

त्यात मॅनेजरसाहेबांचं फर्मान आलं. पगार चालू आहे, तर दिवसभरात काय काय केलंत ते रोज संध्याकाळी लिहून पाठवा. काटा जुन्या नोंदी नव्याने लावायचा, फोनवरचे कसलेसे वर्ग कानाला लावून ऐकायचा आणि पानभर मजकूर धाडायचा. स्वयंपाकघरातल्या डब्याला फोन टेकवून मुलांना भूगोल शिकवणारी त्याची बायको म्हणायची की माझ्या वर्गातली मुलंसुद्धा एवढा गृहपाठ करत नाहीत.

रोज सकाळी आप्पांना शर्ट घालायचा तो काटाच. सात बटणं, वीस सेकंदांत. झटका आल्यापासून कामावर जायच्या घाईत ही सवय लागली होती, आणि आपण बापाची सेवा करतो असंच तो धरून चालला होता.

मे महिन्यात बायकोला ताप भरला. तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ताट, पाणी, औषध सगळं दाराशी ठेवायला सांगितलं. घर काट्याच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आप्पांच्या अंगात शर्ट चढवला आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. तो धावला. ओटा पुसला, भांडं घासलं, चहा केला, बायकोच्या दाराशी ठेवला. परत आला तेव्हा आप्पा खिडकीशी खुर्चीत उघड्या शर्टाने बसले होते, आणि त्यांचा उजवा हात पोटावरून वर सरकत होता.

काट्याने सवयीने हात पुढे केला.

"थांब," आप्पा म्हणाले. "कुठे जायचंय का तुला?"

कुठेच जायचं नव्हतं. तो समोर पलंगाच्या कडेवर बसला.

वरची दोन बटणं हनुवटीखाली, दिसायची नाहीत, म्हणून आप्पांनी तिसरं धरलं होतं. डाव्या हाताने काज ताणलेलं. उजव्या अंगठ्याला बटण सापडायचं, निसटायचं, पुन्हा सापडायचं. मग तर्जनी यायची, जणू दुरून कोणी हाक मारली आहे आणि ती बिचारी चालत चालत येते आहे. दोन्ही बोटं बटणाशी भेटायची आणि नेमका त्याच वेळी मनगटाला कंप सुटायचा. काटा मनातल्या मनात ‘वाया’ म्हणू लागला, आणि थोड्या वेळाने म्हणेनासा झाला. कारण त्याच्या ध्यानात आलं की हे बोट मघापेक्षा थोडं निराळं वळतं आहे. चुकत होतं, पण प्रत्येक वेळी नवी चूक करत होतं. बाहेरून कोणी शिकवत नव्हतं. हातच हाताला विचारत होता.

लाखो बटणांची मोजदाद त्याने केली होती. टाचताना पाहिली, काजं पाडताना पाहिली. पण बटण काजातून जाताना त्याने या आधी कधी पाहिलं नव्हतं. कड आधी आत शिरली. मग अर्धं बटण, चंद्र ढगाआडून निघावा तसं. तिथे ते अडकून राहिलं. आप्पांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता आणि काट्याने स्वतःचा श्वास रोखून धरला होता. मग अंगठ्याने एकदा दाबलं आणि बटण पलीकडे आलं.

एखाद्या उंच जागी चढून आल्यावर माणसं टेकतात, तसे दोघे बसून राहिले. उन्हाचा पट्टा खुर्चीच्या पायापासून भिंतीपर्यंत सरकला होता.

गेलं वर्षभर रोज सकाळी ही एवढी वाट आप्पांच्या हातून काढून घेणारा आपणच, हे काट्याला तेव्हा कळलं, आणि त्याला आप्पांकडे बघवेना.

आप्पांनी स्वतः बटण लावलं, हे त्याने बायकोच्या दाराशी जाऊन सांगितलं. आतून आवाज आला, "किती वेळ लागला?"

"मोजला नाही."

मग ती म्हणाली, "अहो, तुम्हालाही ताप आलाय का?"

संध्याकाळी त्याने मॅनेजरसाहेबांना एकच ओळ पाठवली: आज एक बटण लागलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं, आणि बरी आहे म्हटल्यावर फोन ठेवला. पुढे महिनाभर काटा तशीच ओळ पाठवत राहिला. तक्ता भिंतीवरून उतरला. सकाळी तो फक्त समोर बसायचा, हात मांडीखाली दाबून, कारण ते आपोआप पुढे जायचे.

ऑगस्ट आला तरी बोटं आखडली नव्हती आणि चार बटणं लागत होती.

बायकोचा ताप नवव्या दिवशी उतरला. पुढे ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. व्यायामाच्या बाई पुन्हा यायला लागल्या तेव्हा आप्पांचा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मॅनेजरसाहेब दुसऱ्या कारखान्यात गेले. काटा कामावर परतला, पण त्याच्या कागदावरचा ‘वाया’चा रकाना पुष्कळदा कोरा जाऊ लागला, आणि दोन वर्षांत त्याला गोदामात बसवलं. तो कुरकुरला नाही. आप्पा आणखी तीन वर्षं जगले. रेघ पुन्हा ओढता आली नाही. बटणं मात्र सहा लावायचे, आणि गळ्याशी असलेलं सातवं मुलाकडून लावून घ्यायचे, मान वर करून, डोळे मिटून.