मांजराच्या कपाळावर

चित्राची किंमत ठरवायला उत्कर्षाबाई आमच्या येरवड्याच्या घरी आल्या, तेव्हा मला एकच काळजी होती. चित्रावरची टिकली कुणी काढू नये.

चित्र कौशल्येचं. म्हणजे काढलेलं दुसऱ्याने, पण गोष्ट तिची. माझी बायको मूळची दापोडीची. तिकडे सांगतात, कंपनीच्या काळात गोरा साहेब वारला आणि त्याच संध्याकाळी बंगल्यातून एक मांजर बाहेर पडलं, साहेब फिरायला जायचा त्याच वाटेने. पहारेकऱ्यांना वाटलं, हा साहेबच. पण नेमकं मांजर कुठलं, हे दुसऱ्या दिवशी कुणाला सांगता येईना. म्हणून मग अंधारात दिसेल त्या मांजराला सलाम. "सायेब हाय का मांजर हाय, कोन इचारनार?" असं म्हणून कौशल्या स्वतःच हसायची.

वरच्या मजल्यावर तेव्हा एक चित्रकार राहायचे. त्यांनी गोष्ट ऐकली, चित्र काढलं आणि तिला देऊन टाकलं. एक पिवळा गोळा आणि समोर तीन तपकिरी पट्टे. पट्टे म्हणजे पहारेकरी. चित्रकार पुढे वारले, आणि त्यानंतर मोठे झाले.

चित्र पलंगाशी, तिच्या बाजूला. झोपताना ती कपाळावरची लाल टिकली काढून गोळ्यावर चिकटवायची, सकाळी पुन्हा कपाळाला लावायची. हॉस्पिटलला नेलं त्या सकाळी तिला ती लावायचं सुचलं नाही. मलाही नाही.

आता मुलगा आमोद मला हिंजवडीला नेणार, म्हणून हे घर रिकामं करायचं. त्याच्याकडे भिंती कमी आणि काचा जास्त. चित्र विकायचं त्याने ठरवलं होतं.

उत्कर्षाबाईंनी भिंग लावून चित्र बराच वेळ पाहिलं. गोळा म्हणजे सत्तेचा अवशेष, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मांजर आहे. तसं थेट म्हणता येणार नाही, असं त्यांनी मला समजुतीने सांगितलं. मग टिकलीपाशी आल्या आणि एकदम खूश झाल्या. चित्रात असं काही चिकटवणं त्या काळात फार धाडसाचं होतं म्हणे. ही वसाहतीची जखम.

"जखम तुळशीबागेतली आहे," मी म्हणालो. "माझ्या बायकोची."

त्यांनी भिंग खाली घेतलं. मग हळूच म्हणाल्या, की गोंदाने रंग खराब होतो, टिकली काढलेली बरी. किंमतही चांगली येईल. आमोदने लगेच नख पुढे केलं. मी त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचो तसा, घट्ट.

"बाबा, अहो, टिकली तर आहे."

मी हात सोडला नाही. शेवटी उत्कर्षाबाईच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "गंमत बघा काका, प्रदर्शनात चित्राशी लाल टिकली लावलेली असली, की ते विकलं गेलंय असं समजतात."

"मग झालं तर," मी म्हणालो. "विकलंय."

"कुणाला?" आमोदने विचारलं.

"तुझ्या आईला. दिलेला माल पुन्हा विकायला काढणं बरं दिसत नाही."

उत्कर्षाबाईंनी भिंग पिशवीत टाकलं. आमोद पलंगावर बसला, आईच्या बाजूला. मग म्हणाला, तिकडे भिंतीत खिळा ठोकायला सोसायटीची परवानगी लागते.

"मग काढ," मी म्हणालो.