एक नंबरच्या दोन पेट्या

संस्थेत बेडकांचे आवाज जपून ठेवलेले होते. बेडूक आपापल्या डबक्यात मजेत होते. त्यांचं डरांव डरांव मात्र सर्व्हररूममधल्या लोखंडी कपाटात, डिस्कच्या एका पेटीत. ते आवाज जन्मभर चिखलात उभं राहून जमवले बेडूककाकांनी, आणि पेटी सांभाळायचं काम डिस्कताईंचं. दोघांना खरी नावंही होती, पण ती फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडत.

पेटी गळ्यापर्यंत भरली होती. शेवटी शेवटी तर काका नवा बेडूक ऐकून आले की आनंद करण्याआधी डिस्कताईंच्या चेहऱ्याकडे बघत. अशात मोज्यांचा मोठा कारखाना असलेले एक गृहस्थ संस्थेला नवी पेटी द्यायला तयार झाले. त्यांना बेडकांचं विशेष प्रेम होतं असं नाही. पण ज्याचे पाय ओले त्याच्याबद्दल त्यांना उपजत कणव वाटे.

नवी पेटी जुनीच्या खाली बसवायची, केबलनं दोघींना जोडायचं आणि दोघींतल्या डिस्कांचा मिळून एकच गट करायचा, असं ठरलं. अशा पेटीला पुढच्या झाकणाआड नखाएवढी चकती असते. ती फिरवून पेटीला नंबर द्यायचा. जुनी एक, तर नवी दोन. गट चालवणाऱ्या यंत्राला पेट्या दिसत नाहीत, नंबरच कळतात. पोस्टमनला घराचा नंबर लागतो तसंच. डिस्कताईंनी हे संचालकांना नीट समजावून सांगितलं आणि घोळ तिथेच सुरू झाला.

"दोन?" संचालक म्हणाले. "देणगीदारांच्या पेटीला दोन? उद्या ते स्वतः बघायला येताहेत. त्यांना काय सांगू, तुमचा नंबर नंतर लागतो म्हणून?"

"तो नुसता पत्ता आहे सर. मान नाही."

"मग जुनीला द्या की दोन."

"माझे बेडूक दोन नंबरचे?" दारातून बेडूककाकांचा आवाज आला.

यातली मेख अशी की संचालक आणि काका सख्खे साडू. काकांची बायको थोरली, पण संचालक वयानं मोठे. त्यामुळे सासऱ्यांच्या घरचा पहिला जावई कोण, हा प्रश्न सासरे जाऊन बराच काळ लोटला तरी मिटलेला नव्हता. एक आणि दोन हे आकडे त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

"जुनी चालू आहे," डिस्कताई शांतपणे म्हणाल्या. "तिचा नंबर बदलायचा तर तिला बंद करावं लागेल. नवी दोन राहील." त्यांनी चकती दोनवर आणली, झाकण लावलं आणि केबल आणायला शेजारच्या खोलीत गेल्या.

परत आल्या तेव्हा संचालक कपाटापुढे हात मागे बांधून छताकडे बघत उभे होते. डिस्कताईंनी केबल जोडल्या, पेटी सुरू केली, पडद्यावर डिस्कांची संख्या बरोबर असल्याची खात्री केली आणि गट वाढवला. चकती पुन्हा बघायची राहिली. घरून निघताना त्या कुलूप दोनदा ओढून बघत. पण लावलेल्या झाकणाआड कुणी काही फिरवून ठेवील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या माहेरी कुणी दुसऱ्याच्या डब्याचं झाकण उघडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ओळ उमटली: पेटी एक, डिस्क सात, निकामी.

नवी असो किंवा जुनी, डिस्क कधी ना कधी जातेच. डिस्कताई सुटी डिस्क घेऊन कपाटापाशी गेल्या. वरच्या पेटीत सातव्या डिस्कवर पिवळा दिवा होता. खालच्या पेटीतही सातव्या डिस्कवर पिवळा दिवा होता. त्यांनी खालचं झाकण उघडलं. चकतीवर एक होता.

"सर," त्यांनी फोनवर विचारलं, "काल तुम्ही चकतीला हात लावलात?"

पलीकडून संचालक म्हणाले, "हात असा नाही. बोट लावलं."

ते आणि काका, दोघंही धावत आले. डिस्कताईंनी त्यांना स्टुलांवर बसवलं, कारण ऐकून कुणी पडू नये.

"गटातली एक डिस्क गेली तर बाकीच्या निभावून नेतात. दोन गेल्या तर सगळं पाण्यात. एक गेलीय. ती वरची सात आहे की खालची, हे यंत्राला सांगता येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकाच घरात राहतात. चुकीची ओढली तर दोन होतील."

"त्यांच्या अंगावर काही छापलेलं नसतं?" काकांनी विचारलं.

"असतं. बघायला बाहेर ओढावी लागते."

"मग नवी पेटी बंद करून तिचा नंबर बदला."

"बंद केली की तिच्यातल्या सगळ्याच गेल्या असं यंत्र धरून चालेल. यंत्रच बंद करावं तर एक डिस्क नसताना गट पुन्हा उभा राहील याची खात्री नाही. आणि डिस्क बदलेपर्यंत ते आतलं काहीच वाचू देत नाहीये."

काकांचा चेहरा उतरला. बाकी सगळ्या आवाजांच्या प्रती दुसऱ्या शहरातल्या संस्थेत होत्या. एका आवाजाची मात्र नव्हती. डोंगराच्या एका कपारीत एकच बेडूक एकदाच ओरडला होता. पुढे तिथून रस्ता गेला आणि तसा बेडूक कुणाला भेटला नाही. त्याची प्रत काकांनी कुणाला म्हणून नेऊ दिली नव्हती. डिस्कताईंनी मागितली तेव्हाही "बघू" म्हणाले होते.

"बघू म्हणालो होतो ना मी," काका पुटपुटले.

"तीनदा," डिस्कताई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं.

काका उठून बाहेर गेले. आले ते गळ्यात हेडफोन अडकवून, हातात बटणाएवढा माइक घेऊन. दगडाला चिकटवून कपारीतले बेडूक ऐकायला त्यांनी तो स्वतः बनवला होता.

"इथे पंख्यांचा एवढा गोंगाट आहे," संचालक म्हणाले. "काय ऐकू येणार?"

"धबधब्याखाली ऐकलेत बेडूक. पंखा एका सुरात ओरडतो, त्याला वजा करता येतं. तुमच्या श्वासाला करता येत नाही. नाकात शिट्टी वाजतेय."

"मग घेऊ नको?"

"बाहेर जाऊन घ्या, साडूभाऊ."

संचालक दाराकडे वळले आणि दारातच मोजेवाल्यांवर आदळले. ते ठरल्यापेक्षा लवकर आले होते. भपकेबाज सूट, मनमिळाऊ चेहरा आणि पावलागणिक चीं करणारे नवे बूट.

"बूट काढा," काका मागे न बघता म्हणाले. "तो सूर बेडकांचा आहे."

संचालकांनी डोळे मिटून घेतले. मोजेवाल्यांनी मात्र मुकाट्यानं बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांनी छताकडे बघितलं.

काकांनी माइक आधी वरच्या सातवर लावला, मग खालच्या, मग पुन्हा वरच्या. घाम पुसला. "एक छान गुणगुणतेय. दुसरी टक् करते, थांबते, पुन्हा टक् करते. हाक मारायची, उत्तर आलं नाही की परत मारायची. अगदी एकटा पडलेला नर."

"कुठली?" डिस्कताईंनी विचारलं.

"खालची. नवी." मग ते घुटमळले. "पण ती खालची निघावी असं मला मनापासून वाटतंय. त्यामुळे माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. दुसऱ्या कुणी ऐका."

संचालक पुढे सरसावले. "तुम्हाला वरची निघावी असं वाटतंय," काका म्हणाले. संचालक मागे सरले.

डिस्कताईंनी हेडफोन कानाला लावले. टक् आहे असं वाटलं, आणि नाही असंही वाटलं. वाटण्यावर डिस्क ओढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हेडफोन मोजेवाल्यांकडे दिले आणि काय पणाला लागलंय ते थोडक्यात सांगितलं. संचालक मागून खुणा करून नको नको म्हणत होते.

मोजेवाल्यांनी आधी वरची ऐकली, मग खालची. खालचीपाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मोजे विणायच्या मशिनची सुई अडकली की अस्संच होतं. टक्, मग दम, मग टक्." त्यांनी हेडफोन उतरवले. "खालची. म्हणजे माझी ना ती?"

"तुमची," डिस्कताई म्हणाल्या.

"मग माझीच बिघडलीय. ओढा."

डिस्कताईंनी खालच्या सातचा खटका दाबला आणि डिस्क हळूच बाहेर घेतली. पडदा तसाच राहिला. दुसरी कुठलीही ओळ उमटली नाही. त्यांनी सुटी डिस्क आत सरकवली. थोड्या वेळानं दोन्ही पिवळे दिवे विझले आणि दोन्ही पेट्यांमध्ये वरपासून खालपर्यंत हिरवे दिवे लुकलुकू लागले.

"काय सुंदर दिसतंय हो," मोजेवाले म्हणाले. "हे सगळं माझ्यासाठी?"

"हो," संचालक घाईनं म्हणाले.

यंत्र वाचू देऊ लागलं तसं डिस्कताईंनी आधी त्या एका आवाजाची प्रत काढली. या खेपेला काकांना विचारलंसुद्धा नाही. मग तो स्पीकरवर लावला. बराच वेळ नुसती ओल ऐकू आली, आणि शेवटी एकदाच, अगदी बारीक, "ट्रिक्."

"एवढंच?" संचालक म्हणाले.

"एवढंच," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मोजेवाल्यांनी मग हळूच विचारलं, की हा सगळा गोंधळ झाला कशानं. डिस्कताईंनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी खोकून घेतलं आणि चकतीची हकीकत सांगितली. तुम्हाला दोन नंबर कसा द्यायचा, म्हणून.

"अहो, मी मोजेवाला माणूस," ते बूट चढवत म्हणाले. "आमच्यात एकाला कोण विचारतो? दुसरा मिळाला तरच पहिला पायात जातो."

साडूंनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच दोघांनीही तोंडं फिरवली.

गट पुरता सावरल्यावर डिस्कताईंनी आधी यंत्र थांबवलं, मग नवी पेटी रीतसर बंद करून तिला दोन नंबर दिला. पुढच्या आठवड्यात कारखान्यातून मोज्यांचं खोकं आलं. त्यातल्या एका मोज्याचा अंगठ्याकडचा भाग त्यांनी कापला, हवेची वाट अडणार नाही असा बेतानं चकतीवर चढवला आणि पुन्हा कुणाचं बोट आत शिरणार नाही असा घट्ट शिवून टाकला.