चार दिवसांचा उतार

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात बसणाऱ्या बाईंना सगळे आकडेताई म्हणत. साथ सुरू झाल्यापासून रोज सकाळी किती दाखल झाले, किती घरी गेले, किती दगावले, याचा तक्ता त्या करत. कित्येक आठवड्यांत धड झोप नव्हती, त्यामुळे भर दिवसाही सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसायचं. काचेपलीकडून पांढऱ्या पोशाखातली माणसं तरंगत जायची. भिंतीतल्या नळ्यांमधून ऑक्सिजनचा सुस्कारा एकसारखा ऐकू यायचा. नऊ दिवसांपासून त्यांचा थोरला भाऊ त्याच नळ्यांच्या टोकाला होता, तिसऱ्या वॉर्डात.

त्या सकाळी दाखल झालेल्यांच्या रकान्यात चार दिवसांचे आकडे एकाखाली एक आले. एकसष्ट, अठ्ठावन्न, बावन्न, सत्तेचाळीस. आकडेताई बघत राहिल्या. बघता बघता ते आकडे टेकडीवरून संथ उतरणाऱ्या माणसांसारखे वाटू लागले आणि त्यांत दादाची चाल ओळखू आली. त्यांनी डोळे चोळले.

मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "कमी होतंय ना? तिसरा वॉर्ड आवरता घेऊ. नर्स पोरी उभ्या उभ्या झोपतायत हो."

"सर, मला दुपारपर्यंत वेळ द्या."

आधी त्या फाटकावर गेल्या. तिथल्या पहारेकऱ्याने वही पुढे केली. "खाट नाही म्हणून दुसरीकडे पाठवलेल्यांची नावं लिहितो मी, ताई. कुणी सांगितलं नव्हतं. पण माणूस आला होता, एवढी तरी नोंद राहावी."

त्याच चार दिवसांत नऊ, अकरा, तेरा, पंधरा. आकडेताईंनी तिथेच उन्हात उभं राहून बेरीज केली. सत्तर, एकोणसत्तर, पासष्ट, बासष्ट. उतार होता, पण वाटला होता तेवढा नव्हता.

मग त्या मागच्या अंगणात ऑक्सिजनच्या टाकीपाशी गेल्या. टाकीवाले काका काट्यावरची धूळ पुसत म्हणाले, "मागच्या आठवड्यात गाडी येईपर्यंत जीव मुठीत असायचा. काल गाडी आली तेव्हा टाकी निम्मी भरलेली. मलाच खरं वाटेना."

दुपारी त्यांनी सगळं डॉक्टरांसमोर ठेवलं. डॉक्टरांचं बोट मृत्यूच्या रकान्यावर थांबलं. "पण हे तर वाढतायत."

"ही माणसं दोन-अडीच आठवड्यांपूर्वी आली होती, सर. तेव्हाची गर्दी आता या रकान्यात दिसतेय. हा आकडा सगळ्यात शेवटी उतरेल."

"म्हणजे आशा धरायची की नाही?"

"धरायची. पण वॉर्ड बंद करायचा नाही. अजून आठवडाभर बघू."

डॉक्टरांनी तक्ता बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बरं. राहू दे."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "कमी होतंय म्हणे. मग हे घरी येणार ना गं?"

आकडेताईंना हो म्हणावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. "वहिनी, आकडे सगळ्यांचे असतात. त्यातून एकट्या दादाचं काही कळत नाही गं. पण आज नर्सला त्याच्याकडे बघायला जास्त वेळ मिळाला. एवढं खरं आहे."

वहिनी हळूच म्हणाली, "तेवढं तरी मिळालं म्हणायचं."

शुक्रवारी चौसष्ट जण दाखल झाले. मोठ्या डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं, मग आकडेताईंकडे. तिसऱ्या वॉर्डातली एकही खाट त्या दिवशी रिकामी राहिली नाही. दादाच्या शेजारच्या खाटेवरचे मास्तर त्याच दुपारी गेले. सोमवारपासून आकडा पुन्हा उतरायला लागला आणि या वेळी फाटकावरच्या वहीतही नावं कमी कमी होत गेली.

दादा बाविसाव्या दिवशी घरी आला. घरी गेलेल्यांच्या रकान्यात स्वतःच्या भावाची भर घालून आकडेताईंनी शेजारच्या मृत्यूच्या रकान्यात त्या दिवशीचे चार लिहिले. संध्याकाळी त्या सोबत गेल्या. दादा जिन्यात तीनदा थांबला. दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून श्वास घेत म्हणाला, "पूर्वी मी धावत चढायचो गं."

"चढशील," वहिनी म्हणाली. "आज बसू इथंच थोडं."

तिघं पायरीवर बसली. वरच्या झरोक्यातून पिवळसर उजेड येत होता आणि त्यात धुळीचे कण अलगद खाली येत होते. दादाचा लागलेला श्वास हळूहळू संथ झाला. आकडेताईंनी तेवढा वेळ काहीच मोजलं नाही.