वाचनालयातल्या बुटक्या मांडणीची कैफियत

मित्रांनो, माझी उंची तुमचा हात पोचेल एवढी. मुद्दामच तेवढी ठेवलेली. वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत खिडकीखाली पुस्तकं पोटात घेऊन उभी असायची, ती जुनी लाकडी मांडणी म्हणजे मी. 'असायची' का म्हणाले, ते पुढे कळेलच.

मला घडवणारा सुतार जरा चक्रम होता. कागदावरची मापं त्याने बाजूला सारली आणि स्वतःच्या धाकट्या लेकीला समोर उभं केलं. "हात वर कर गं. अजून. टाचा नाही उचलायच्या, लबाड!" तिचा हात पोचला तिथे माझी वरची फळी बसली. मग काचकागदाने घासघासून त्याने माझे कोपरे गोल केले. "धावत आलं एखादं पोर, तर टेंगूळ नको यायला," तो म्हणाला. जे पोर त्याने कधी बघितलंही नव्हतं, त्याच्या टेंगळाची त्याला काळजी. अशा हातांखालून मी गेले, याचं मला अजून बरं वाटतं.

लेकीने माझ्या फळ्यांवर चित्रं रंगवली. खाली हत्ती, मध्ये होडी, वर चांदणी. पुस्तकांच्या पाठीवरही तीच चित्रं चिकटवली, म्हणजे ज्याला अजून वाचता येत नाही त्यालाही पुस्तक कुठे ठेवायचं ते कळावं. हत्तीचं पुस्तक हत्तीकडे. इतकं सोपं.

खोली सांभाळायला ग्रंथपाल होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाईंचं बोलणं फार काटकसरीचं. एका शब्दात भागत असेल तर दुसरा काढायच्या नाहीत. "बसा." "हळू." "पुन्हा या." आणि खोली बंद करायची वेळ झाली की टाळी वाजवून, "आवरा!"

तेव्हा दाराशी शिपाईमामा असत. बाईंची टाळी वाजली की ते दारात हात आडवे करून उभे राहायचे. "काय रे चिमण्या, हत्ती हत्तीच्या घरी गेला का? नाही? मग तू कसा जाशील तुझ्या घरी?" मुलं खिदळत मागे फिरायची. त्यांच्या आयाही पर्स खांद्यावर टाकून मदतीला सतरंजीवर बसायच्या. पुस्तकं माझ्याकडे, खडू डब्यात, चित्रकोड्याचे तुकडे पेटीत. मी भरून यायची, दोन्ही अर्थांनी.

मग मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दार मोकळं राहिलं आणि उरला तो बाईंचा एकटा शब्द.

आता त्या शब्दाचं काय झालं, ते ऐका. नवी नवी कुटुंबं यायला लागली होती. कामावरून थेट, घामाघूम, घाईत. त्यांच्या घरी सकाळी 'आवर' म्हणजे एकच: चल, ऊठ, उशीर होतोय! बाईंची टाळी वाजली की एखादी आई दचकून उभी राहायची. "आवर रे, आवर! बाई आवरा म्हणतायत, बंद होतंय!" पोराच्या हातातलं पुस्तक तिथेच उपडं पडायचं. तुकडे सतरंजीवर, एक पाय चपलेत, एक बाहेर, आणि सगळी पलटण जिन्यावरून धडधडत खाली.

बाईंना वाटायचं, लोक उद्धट झालेत. लोकांना वाटायचं, बाईंना आपल्याला हाकलायची घाई आहे. मुलं माझ्यापाशीच बसून चपला घालायची, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू यायचं. पण मला फळ्या आहेत, जीभ नाही.

माझी दशा सांगण्यासारखी नाही. होडीवर हत्ती कोंबलेले, चांदणीच्या फळीवर चिकट चुरा, पुस्तकांच्या पाठी मोडलेल्या. लोक गेले की बाई गुडघ्यावर हात दाबत खाली बसायच्या आणि पट्टीने माझ्याखालचे तुकडे ओढून काढायच्या. "हे शेपूट मिळालं. आता कान कुठे गेला गं?" असं मलाच विचारायच्या.

एका संध्याकाळी वाचनालयाचे कार्यवाह आत आले, ते खडूवर पाय देऊनच.

"बाई, ही खोली आहे की रणांगण?"

"लहान मुलं आहेत, साहेब."

"मुलं घरी गेली. हा पसारा आहे." त्यांनी बूट झटकला. "वर अभ्यासिकेत मोठ्या पोरांना बसायला जागा नाही. ती पोरं निदान जिथे बसवली तिथेच बसतात. ही खोली त्यांना द्यावी, असा विषय मी पुढच्या बैठकीत घेतोय."

"तोवर मी काहीतरी करते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली. मोठ्या, सुबक अक्षरात. 'कृपया वेळेत आवरावे.' झालं! आता लोक टाळी वाजायच्या आधीच पळायला लागले.

अशात एक दिवस दात पडलेली एक मुलगी आणि तिचे आजोबा मागे राहिले. आजोबांचे पाय सुजले होते. चपलेत जाईनात.

"आजोबा, आवरा ना लवकर!"

"आवरतोय गं माझे आई."

मुलीने खाली बसलेल्या बाईंकडे बघितलं. "बाई, तुमचं कधी आवरणार? तुम्हाला नाही जायचं घरी?"

"हा पसारा आवरला की जाईन."

"पसारा?" मुलगी थबकली. "आवरा म्हणजे पसारा होय? आम्हाला वाटलं, पळा!"

बाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "काय वाटलं?"

"पळा. माझी आई तर म्हणते, त्या बाई रोज हाकलतात."

"अगं कार्टे, गप!" आजोबा ओरडले.

बाईंनी माझ्या अंगाला पाठ टेकली आणि हसायला लागल्या. त्यांचे खांदे माझ्या फळ्यांवर हलत होते. बराच वेळ हलत राहिले, आणि नंतर नंतर ते हसणं उरलं नव्हतं. आजोबांनी चपला परत काढल्या. "सांगा बाई," ते म्हणाले, "हा हत्ती कुठे जायचा?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी शब्द सढळ हाताने खर्च केले. "मंडळी, निघायला अजून वेळ आहे. हातातलं पुस्तक त्याच्या चित्राच्या फळीवर ठेवा. तुकडे गोळा करून पेटीत टाका. मग सावकाश जा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "अगंबाई," एक आई लाल होत म्हणाली, "असं म्हणायचं होतं होय तुम्हाला!" एका मुलाचे बाबा सरळ पालथे पडून माझ्याखाली हात घालायला लागले. "बाबा, पोट अडकलं तुमचं!" मुलगा ओरडला. आणि मी, कितीतरी वर्षांनी, वरपासून खालपर्यंत नीट भरले.

आठवड्याभराने कार्यवाह आले. दारातच थांबले. खोलीत अक्षरशः एक तुकडा खाली नव्हता.

"अरे वा. हे आधी का नाही झालं, बाई?"

"आधी मी नीट सांगितलंच नव्हतं."

ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बैठक गेल्या आठवड्यातच झाली," ते हळूच म्हणाले. "ठराव झालाय. टेबलांचं कामही सांगून झालं."

खोलीच्या शेवटच्या दिवशी सगळी कुटुंबं आली. कुणाला सांगावंच लागलं नाही. हत्ती हत्तीकडे गेले, होड्या होड्यांकडे, चांदण्या वर. सतरंजीची घडी दोन भावंडांनी दोन टोकं धरून घातली. ती खोली इतकी नीट मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यामुळे रिकामी करायला आलेल्या माणसांना मुळीच वेळ लागला नाही.

आता मी खालच्या बोळात असते. माझ्या फळ्यांवर जुनी मासिकं आहेत, ती कुणी उचलत नाही. मुलांची पुस्तकं गठ्ठे बांधून कपाटात ठेवलीत. बाई पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत बसतात. दात पडलेल्या मुलीला आता नवे दात आलेत. ती आजोबांबरोबर येते आणि विचारते, "बाई, आमची पुस्तकं कधी काढणार?" बाई म्हणतात, "बघू." पुन्हा एकच शब्द.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी खोली अजून असेल. उठताना सतरंजीवर एक नजर टाका. पुस्तक त्याच्या जागी ठेवा, तुकडे शोधा, आणि आईबाबांनाही खाली बसवा. त्यांचे गुडघे दुखतील. दुखू द्या. ही खोली आपल्याला हवी आहे, हे सांगायला मुलांना कुणी बैठकीला बोलावत नाही. जाताना ती नीट ठेवून जायची, एवढीच एक रीत त्यांच्या हातात असते. आमच्या मुलांनीही तेच सांगितलं, अगदी छान सांगितलं, पण तोवर बैठक उठली होती.

तुमच्याकडची बैठक अजून व्हायची असेल.