विमानाला न सापडलेली केबल

मी चौदा मीटर लांबीची, काळ्या आवरणाची एक केबल बोलते आहे. लांबी मुद्दाम सांगितली. माझ्या आयुष्यात पुष्कळ काही लपवले गेले. निदान मापात तरी लपवाछपवी नको.

माझ्या पोटात तांब्याची तार आहे, तिच्याभोवती पांढरा फेस आणि त्यावर धातूची बारीक जाळी. ही जाळी म्हणजे माझा पदर. आतले चित्र बाहेर सांडू नये आणि बाहेरचा गोंगाट आत शिरू नये, हे तिचे काम. कारखान्यातून मी अमरावतीला आले आणि तेथून अकोल्याच्या रस्त्यावरील एका गावात, धर्मेंद्र केबलवाल्याच्या हाती पडले. त्याने मला उत्तमरावांच्या घरी जोडले. दोन वर्षे मी सचोटीने चित्रे वाहिली.

उत्तमराव हे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बांधाचे, नालीचे, कोंबडीचे तंटे ते आपल्या ओसरीवर बसून मिटवीत. एके दिवशी त्यांनी केबल बंद केली. "बातम्यायनं डोकं फिरते," असे कारण दिले. धर्मेंद्र टीव्हीजवळचा सेट-टॉप डबा घेऊन गेला. मला न्यायचे विसरला.

पुढे शेजारच्या कौशल्याबाई शेंदूरजनाघाटला लेकीकडे गेल्या, तेव्हा तुळशीला पाणी घालण्यासाठी घराची किल्ली विश्वासाने उत्तमरावांकडे ठेवून गेल्या. उत्तमरावांनी तुळशीला पाणी घातले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. त्यानंतर त्यांनी माझे एक टोक कौशल्याबाईंच्या डब्यामागच्या रिकाम्या तोंडात खुपसले आणि मला खिडकीतून, दोन्ही घरांच्या स्लॅबवरून आपल्या टीव्हीपर्यंत आणले.

अडचण एकच होती. एका डब्यातून एका वेळी एकच चॅनल येते. कौशल्याबाई परत आल्यावर त्या जे पाहतील, तेच इकडेही दिसे. मालिकेतली सून दार उघडणार, तोच पडद्यावर कुस्ती सुरू होई.

"ह्या बाईले काही एक धड पाह्यताच येत नाही!" उत्तमरावांच्या पत्नी पार्बताबाई करवादत.

फुकटच्या वस्तूबद्दलची तक्रार माणसे सर्वांत मोठ्या आवाजात करतात, असे माझे निरीक्षण आहे.

श्रावणात धर्मेंद्र समितीपुढे आला.

"अध्यक्षसाहेब, गावात डबे कमी अन् टीव्ही जास्त चालून राह्यले. कोणीतरी चोरून पाह्यते."

"असं?" उत्तमराव म्हणाले.

तेवढ्यात आकाशात घरघर झाली. बेलोऱ्याच्या विमानतळाच्या बाजूने शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने अधूनमधून येत. धर्मेंद्रने वर बोट केले. "थे विमान काहून फिरून राह्यलं, माहीत हाय? चोरीची केबल वरूनच पकडते. सोमवारी नाव घेऊनच येतो."

उत्तमरावांचा चहा बशीऐवजी धोतरावर सांडला.

या ठिकाणी मला जबाबदारीने बोलले पाहिजे. विमानातून केबलची चोरी कळते का? माझ्या माहितीप्रमाणे चोरी कळत नाही. गळती कळू शकते. जोड सैल असला किंवा जाळी फाटली, तर माझ्यातला संकेत थोडाफार हवेत पाझरतो आणि योग्य यंत्र घेऊन उडणारे विमान तो टिपू शकते. परंतु गळणारी प्रत्येक केबल चोरीची नसते. प्रामाणिक घराचा जोडही गंजतो. उलट नीट जोडलेली चोरी वरून अगदी मुकी असते. उत्तमरावांनी माझा जोड कितपत नीट केला होता, हे मी सांगणार नाही. त्या विमानातल्या शिकाऊ वैमानिकाचे सारे लक्ष आपण खाली पडू नये याकडेच असावे, असा माझा अंदाज आहे.

उत्तमरावांना हे कोण सांगणार? त्यांनी पार्बताबाईंकडून मूग वाटून घेतले, स्लॅबवर माझ्या अंगावर जुने लुगडे पसरले आणि त्यावर मुगवड्या घालायला लावल्या.

"श्रावणात कोणी वड्या घालते काय हो?" पार्बताबाई म्हणाल्या. "ऊन कुठं हाय?"

"विमानाले काय समजते ऊन अन् श्रावण? घाल तू!"

विमानाला समजले नाही. कौशल्याबाईंना मात्र आपल्या खिडकीतून तत्काळ समजले. चैत्र-वैशाखात घालायच्या वड्या भर ढगात वाळत घालणारे घर त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्या स्लॅबवर आल्या, लुगड्याचा कोपरा उचलला आणि माझ्या मागोमाग चालत थेट स्वतःच्या खिडकीशी पोचल्या.

"उत्तमभाऊ, किल्ली तुळशीसाठी देल्ली होती नं?"

उत्तमरावांचा चेहरा ओल्या वडीसारखा झाला. "वहिनी, समितीत सांगू नका. गावात तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही."

"मी काहून सांगू? सोमवारी समोर येऊन बसतो फक्त."

सोमवारी ओसरी भरली. कौशल्याबाई अगदी पुढे बसल्या.

"नाव सापडलं?" उत्तमरावांनी विचारले.

धर्मेंद्रने डोके खाजवले. "खरं सांगू काय? विमानाचं म्या उगाच हाणलं होतं. वाटलं, चोर भिऊन सोताच येईन. कोणीच आलं नाही."

ओसरी हसली. उत्तमराव सुटले होते. राहिली होती ती फक्त समितीची रीत: तक्रार बंद करण्यापूर्वी अध्यक्षाने तीनदा विचारायचे.

"कोणाले काही सांगायचं हाय काय?" लोक अजून विमानावरच हसत होते.

"कोणाले काही सांगायचं हाय काय?" कौशल्याबाई शांतपणे सुपारी कातरीत होत्या.

तिसऱ्यांदा विचारताना उत्तमरावांचा आवाज चिरकला. मग त्यांनी स्वतःच हात वर केला आणि सवयीने स्वतःलाच परवानगी दिली, "बोला."

त्यांनी सगळे सांगितले. किल्लीचेसुद्धा.

समझोता लिहिला गेला: उत्तमरावांनी स्वतःचा डबा घ्यावा आणि कौशल्याबाईंची माफी मागावी. त्या कागदावर त्यांनी दोन सह्या केल्या. एक अध्यक्ष म्हणून, दुसरी चोर म्हणून. नवा अध्यक्ष निवडण्याचा विषय निघताच कौशल्याबाई म्हणाल्या, "राहू द्या यायलेच. चोराच्या वाटा चोरालेच ठाऊक. आपल्याले असाच माणूस लागते."

सध्या मी पार्बताबाईंच्या परसात दोन खांबांना बांधलेली आहे. माझ्यातून आता काही वाहत नाही. अंगावर दोडक्याचा वेल चढला आहे. हे दोडके मी उघड्यावर धरते, झाकायला लुगडे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावेत, हवे तर तोडून न्यावेत. विनंती एवढीच, आधी पार्बताबाईंना विचारा.