नानासाहेब नक्की कोण?

सूर्यकांत मोहोळकर केंद्र सरकारच्या एका खात्यात अवर सचिव होते. दिवसभर सह्या करणं हेच त्यांचं काम, आणि त्या सह्यांची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. पण येत्या रविवारी करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये स्वतःच्या कादंबरीवर सह्या करायच्या, या कल्पनेने मात्र त्यांना आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं. लोक येणार नाहीत याची धास्ती इतर लेखकांना असते. यांना धास्ती होती ती एखादा माणूस पुस्तक वाचून येईल याची.

कादंबरीचं नाव 'अध्यक्षांचे दोन शब्द'. तिच्यात राजधानीतल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, नानासाहेब. हे नानासाहेब दोन शब्द बोलतो म्हणून उभे राहत आणि लोकांच्या शेवटच्या मेट्रो चुकवत. स्वतःचा सत्कार दुसऱ्याकरवी सुचवत, मग नको नको म्हणत, आणि मग शाल खांद्यावर नीट बसलीय ना हे फोटोग्राफरला विचारत. त्याच मंडळात शांताराम नावाचे एक चिटणीस होते. ते खुर्च्या लावत, चहाचं बघत, आणि त्यांचं नाव कोणी घेत नसे. शेवटी शांतारामांची बदली होते, ते दिल्ली सोडून जातात, आणि ते गेल्याचं मंडळाच्या बरेच दिवस लक्षातही येत नाही.

आता हे नानासाहेब म्हणजे हुबेहूब भाऊसाहेब जहागीरदार होते. भाऊसाहेब निवृत्त सहसचिव, सूर्यकांतांचे एके काळचे वरिष्ठ, आणि करोल बागेच्या मंडळाचे वर्षानुवर्षांचे बिनविरोध अध्यक्ष. पुण्याच्या प्रकाशकाने घाबरून निदान नानासाहेबांना मिशी तरी द्या असं सुचवलं होतं, म्हणून तेवढी मिशी दिली होती. बाकी सगळं जसंच्या तसं. तरीही सूर्यकांत निर्धास्त होते. दिल्लीत मराठी कादंबरी म्हणजे बँकेतला लॉकर. काहीही ठेवा, कोण उघडून बघतंय?

पण मुखपृष्ठावर 'अध्यक्ष' हा शब्द पाहून भाऊसाहेबच भारावले.

"सूर्यकांत, अध्यक्ष या विषयावर कुणीतरी लिहायला हवंच होतं," ते फोनवर म्हणाले. "आपल्या हॉलमध्ये स्वाक्षरी समारंभ ठेवू. अध्यक्षस्थानी मी. तू फक्त पेन आण. आणि हे बघ, पुस्तक आज रात्रीच वाचायला घेतोय."

त्यानंतर त्यांचा फोन नाही. रोज पहाटे व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्याखाली येणारा त्यांचा सुविचारही बंद झाला.

"वाचलं त्यांनी," गाझियाबादच्या घरी सोफ्यावर डोकं धरून बसलेले सूर्यकांत म्हणाले.

"बरं झालं. कुणीतरी वाचलं," रेवती, त्यांची बायको, म्हणाली. "आणि ती आमटीत मीठ विसरणारी बाई मी आहे का, ते सांगा आधी."

"अगं, ती काल्पनिक आहे."

"मागच्या मंगळवारीच विसरले होते मी मीठ."

"पुस्तक दोन वर्षांपूर्वी लिहिलंय!"

"म्हणजे तेव्हापासून लक्षात ठेवलंयत."

पोस्टर करत बसलेल्या वैभवीने लॅपटॉपमधून मान वर केली. मुलीचा जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्लीतलं. "बाबा, चिल यार. प्रॉब्लेम असता तर त्यांनी प्रोग्रॅम कॅन्सल केला असता ना? अच्छा, 'दांभिक' म्हणजे काय? बॅक कव्हरवर आहे, 'दांभिकतेवर प्रहार'. मी 'दमदार प्रहार' करून टाकलंय. बिल्कुल सेम फील येतो."

सूर्यकांतांनी दुरुस्ती सांगितली नाही. दमदार तर दमदार, निदान भाऊसाहेबांना झोंबणार नाही.

रविवारी वैशालीहून मेट्रोत बसल्यापासून ते मनातल्या मनात बचावाची तयारी करत होते. सर्व पात्रं काल्पनिक आहेत. तुम्हाला मिशी नाही. शिवाय भाऊसाहेब, तुमच्यासारख्या माणसावर लिहायची माझी पात्रता कुठे? हे तिसरं त्यांना सगळ्यात भक्कम वाटलं.

हॉलच्या दारावर बॅनर होता. त्यावर भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो माणसाएवढा, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचे सूर्यकांत. हॉल मात्र गच्च भरलेला. आसपासच्या खोल्यांतून राहून यूपीएससीचा अभ्यास करणारी मुलं झाडून आली होती, कारण मंडळाने पत्रिकेत साबुदाणा वडा जाहीर केला होता. सूर्यकांत टेबलाशी बसले आणि रांग लागली.

पहिली मुलगी सलवार-कमीजमधली, पाठीला सॅक, हातात पेन उघडंच. "सर, मी प्रणिता, हिंगोलीची. माझी मुलाखत जवळ आलीय. अर्जात छंद म्हणून 'समकालीन मराठी कादंबरी' लिहिलंय. तुमची कादंबरी थोडक्यात सांगता का?"

"तुम्ही वाचलीत तर—"

"वाचणार ना सर. निकाल लागला की लगेच. आत्ता फक्त थीम, संदेश आणि प्रशासनाशी संबंध."

सूर्यकांतांनी सांगितलं. तिने मुद्दे उतरवून घेतले, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "थोडं निगेटिव्ह वाटतंय सर. वे फॉरवर्ड काय आहे?"

असा पुढचा मार्ग सूर्यकांतांकडे नव्हता. ती म्हणाली, "हरकत नाही, मी माझा लिहिते," आणि 'भावी कलेक्टर प्रणिता यांस' असं लिहवून घेऊन वड्यांकडे गेली.

तेवढ्यात दारात गडबड झाली. पांढरा कडक कुर्ता, गळ्यात उपरणं, भाऊसाहेब आत येत होते. त्यांच्या मागे, नेहमीप्रमाणे चार पावलं अंतर ठेवून, पत्नी द्वारकाबाई. सूर्यकांत उभे राहिले. 'सर्व पात्रं' एवढं तोंडातून निघालंही. पण पुढचं भाऊसाहेबांच्या छातीत विरलं, कारण त्यांनी सगळ्या रांगेसमोर सूर्यकांतांना मिठी मारली होती.

"पाच दिवस मी कुणाशी बोललो नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. "सूर्यकांत, तू माझं आयुष्य लिहिलंस."

"भाऊसाहेब, तसं नाही, तुमच्यासारख्या माणसावर—"

"लपवू नकोस. शांताराम म्हणजे मीच. खुर्च्या लावणारा, चहाचं बघणारा, आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही असा मी. तू एकट्याने ओळखलंस."

भाऊसाहेबांचा खुर्चीशी आजवर फक्त बसण्यापुरता संबंध आला होता. सूर्यकांतांची धास्ती गेली, पण तिच्या जागी सुखाऐवजी काहीतरी विचित्रच आलं. दोन वर्षं धार लावलेली सुरी समोरच्याने हातात घ्यावी आणि तिनेच कौतुकाने सफरचंद कापून खावं, तसं काहीसं.

"आणि तो नानासाहेब," भाऊसाहेब कानाशी येऊन म्हणाले, "गुरुग्रामवाला ना? मिशीवरून ओळखला मी. माझ्या नावावर पंचवीस प्रती बांधून ठेव. त्याच्या मंडळात प्रत्येकाच्या हातात पडल्या पाहिजेत."

गुरुग्रामवाला म्हणजे संग्राम शितोळे. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि तिकडच्या उंच इमारतींमध्ये निघालेल्या नव्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला झुपकेदार मिशी होती, हे सूर्यकांतांना या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. तो रांगेत चौथा उभा होता. नंबर आल्यावर टेबलावर वाकून म्हणाला, "मोहोळकर साहेब, कमाल! म्हाताऱ्याला काय धुतलंय! आमच्या सोसायटीसाठी पन्नास कॉपी द्या. आणि खरं सांगा, शांतारामची इन्स्पिरेशन कुठून घेतली? माझी मिसेस म्हणते, हे सेम तूच आहेस."

"वाचकाला जो दिसेल तो," सूर्यकांत म्हणाले. हे वाक्य त्यांना आवडलं. पुढे त्यांनी ते बऱ्याच जणांना दिलं, कारण रांगेतला ज्याने ज्याने दहा पानं तरी वाचली होती तो तो शांताराम निघत होता. खजिनदार शांताराम होते, माजी खजिनदारही शांताराम होते. आणि नानासाहेब सगळ्यांना माहीत होता, तो नेहमी दोन खुर्च्या पलीकडे बसलेला असे. प्रती भराभर संपत होत्या. लोक एकमेकांना भेट देण्यासाठी त्या घेत होते.

मग भाऊसाहेबांनी माइक घेतला, दोन शब्द बोलले, आणि पाऊण तासाने लेखकाला एक उतारा वाचायला सांगितलं. एव्हाना सूर्यकांतांना धीर चढला होता. नानासाहेबांचं वर्धापनदिनाचं भाषण त्यांनी मुद्दामच निवडलं. हे भाषण त्यांनी भाऊसाहेबांच्याच तोंडून याच हॉलमध्ये ऐकून, खिशातल्या कागदावर टिपून, तसंच्या तसं कादंबरीत घातलं होतं. "'मित्रहो, आपलं मंडळ हा वटवृक्ष आहे,'" त्यांनी वाचलं. "'या वटवृक्षाचं मूळ कोण, असं मला विचारतात. मी मूळ नाही. मी फांदी नाही. मी पारंबीही नाही. मी या वटवृक्षाच्या सावलीत नम्रपणे उभा असलेला दुसरा वटवृक्ष आहे.'"

हॉल हशाने दणाणला. मुलं वडा हातात धरून हसली. सगळ्यात मोठ्याने भाऊसाहेब हसले आणि गुरुग्रामवाल्याकडे बोट दाखवत राहिले. स्वतःचं भाषण त्यांनी ऐकलेलंच नव्हतं, फक्त केलं होतं. हसली नाही ती एकच व्यक्ती, द्वारकाबाई. पहिल्या रांगेत ताठ बसून त्या सूर्यकांतांकडे एकटक बघत होत्या.

रांग संपली, लोक पांगले, तेव्हा त्या टेबलाशी आल्या. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"काय लिहू वहिनी?"

"लिहा सावकाश. आधी मला सांगा, नानासाहेब म्हणजे आमचे हेच ना?"

"वहिनी, सर्व पात्रं काल्पनिक—"

"ते पहिल्या पानावर छापलंय, वाचलं मी. मी तुम्हाला विचारतेय."

लांबून भाऊसाहेबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी उपरण्यातला फोटो परत काढायला सांगत होते. सूर्यकांतांनी मान खाली घातली. "हो."

"मग छान जमलेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यांना कळलं नाही हे बरंच झालं. परवा शांतारामच्या बदलीपाशी ते रडले हो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, रडतायत तर रडू देत. पण नानासाहेबाच्या बायकोचं काय केलंत तुम्ही?"

सूर्यकांतांना आठवेना. नानासाहेबाला बायको होती का?

"दोनदा येते," द्वारकाबाईंनी मदत केली. "चहा ठेवते आणि जाते. नावसुद्धा नाही दिलंत बिचारीला. शांतारामचं नाव कुणी घेत नाही म्हणून तुम्ही तीनशे पानं गळा काढलाय, म्हणून आपलं विचारलं."

सूर्यकांतांचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "चुकलंच. पुढच्या आवृत्तीत नाव देतो."

"नावाचं राहू द्या. त्या वटवृक्षाचं बोला." त्यांनी पुस्तक उघडलं, बरोबर त्याच पानावर. "हे मी लिहिलंय."

"म्हणजे?"

"ह्यांची भाषणं मीच लिहिते. ते सहसचिव झाले तेव्हापासून. पहिली काही वर्षं अगदी मनापासून लिहिली. मग लक्षात आलं की ते काय वाचतायत ते त्यांना कळत नाही, आणि लोकांना ऐकू येत नाही. मग म्हटलं, बघू तरी कुठपर्यंत जाता येतं." त्या पहिल्यांदा हसल्या. "दुसरा वटवृक्ष लिहिला तेव्हा मला वाटलं, आज नक्की कुणीतरी हसणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र कोपऱ्यात बसून, हसू दाबत, खिशातल्या कागदावर काहीतरी लिहीत होतात. मी पाहिलं होतं."

ज्या एका पानाचा सूर्यकांतांना मनोमन अभिमान होता, एका परीक्षणकर्त्याने जे 'लेखकाच्या उपरोधाचं शिखर' म्हणून उद्धृत केलं होतं, ते पान त्यांचं नव्हतंच. त्यांनी फक्त नक्कल उतरवली होती. उपरोध या बाईंचा होता, आणि तो सूर्यकांतांनी भाऊसाहेबांचा मूर्खपणा समजून छापला होता.

"वहिनी, मी... काय बोलू?"

"काही बोलू नका. इतक्या वर्षांत एक माणूस हसला. मला तेवढं बास आहे." त्यांनी हात पुढे केला. "पेन द्या."

सूर्यकांतांनी पेन दिलं. द्वारकाबाईंनी टेबलावरची सूर्यकांतांचीच प्रत ओढून घेतली, वटवृक्षाच्या उताऱ्याखाली 'द्वारका जहागीरदार' अशी शाळेतल्या बाईंची गोल, वळणदार सही केली, तारीख घातली, आणि पुस्तक त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "जपून ठेवा."

परतीच्या मेट्रोत वैभवीने विचारलं, "बाबा, सगळी बुक्स सेल झाली. तुम्ही खूश नाही?" त्यांनी तिला ते पान दाखवलं. तिने अडखळत वाचलं, पारंबीचा अर्थ विचारला, आणि मग राजीव चौक येईपर्यंत हसत राहिली. "हे बेस्ट आहे. तुम्ही लिहिलंय?" सूर्यकांत नाही म्हणाले. बोलल्यावर त्यांना बरं वाटलं.

पुढे पावसाळा संपता संपता मंडळाने 'शांताराम पुरस्कार' सुरू केला, निःस्वार्थ आणि उपेक्षित कार्यकर्त्यासाठी. पहिला मानकरी निवडायला समिती नेमली, समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब होते, आणि समितीने एकमताने भाऊसाहेबांचं नाव सुचवलं. त्यांनी नको नको म्हटलं. समारंभाला सूर्यकांत गेले आणि या वेळी पहिल्या रांगेत, द्वारकाबाईंच्या शेजारी बसले.

शाल नीट बसल्यावर भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि कागद उलगडला. "मित्रहो," त्यांनी भारावल्या आवाजात वाचलं, "या पुरस्कारासाठी मी काहीही केलेलं नाही. आणि ते मी सलग तीस वर्षं, एकही दिवस न चुकता करत आलो आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूर्यकांतांनी रुमाल तोंडात कोंबला. हसू आवरल्यावर त्यांचा हात सवयीने खिशातल्या कागदाकडे गेला, तसा द्वारकाबाईंनी, समोर बघत, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, त्यांच्या मनगटावर हलकेच बोट ठेवलं.

"हे नाही हं," त्या पुटपुटल्या. "हे मी माझ्या पुस्तकात घेतलंय."